भोपळा आरेपर्यंत: एका हस्तलिखित अंकाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मंडळाची खोली मिळाली. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा, गणपतीचे दिवस सोडून. किल्ली देताना सचिवकाकांनी एकच विचारलं, "शेवटी हातात काय येणार?" मी म्हटलं, दिवाळीला मुलांचा हस्तलिखित अंक. एकच प्रत. ती चाळीत खोलीखोलीतून फिरेल. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला आणि मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. आमच्या लालबागच्या या चाळीत आता दोन-तीन घरांतच तो येतो. पण पोरांनी हाताने लिहिलेला अंक सगळे वाचतील, याची मला खात्री आहे.

विषय: गोष्टीतली पात्रं आज मुंबईत राहतात. भोपळ्यातली म्हातारी, चिऊ-काऊ, आटपाट नगरची राणी, टोपीवाला उंदीर. मी एक लांब गोष्ट प्रकरणाप्रकरणाने लिहायची, शनिवारी वाचायची; मुलांनी ती मोडायची, दुरुस्त करायची, चित्रं काढायची. नऊ मुलं आहेत, तिसरी ते सातवी. पाच मराठी शाळेतली, चार इंग्रजी. वाचन मराठीतच.

२१ जून, शनिवार

पहिलं प्रकरण वाचलं. म्हातारी लालबागला राहते. लेकीला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांची चित्रं पाठवते. भाजी ॲपवरून मागवते आणि एक दिवस भोपळा घरपोच येतो. मुलं पाच मिनिटं खळखळून हसली. मग सहावीतल्या चष्मेवाल्याने दप्तराची चेन उघडमीट करायला सुरुवात केली. दोघी खिडकीशी गेल्या. मी वाचत राहिले, पण खोली माझ्या हातातून गेली होती.

संपल्यावर तिसरीतल्या धाकटीने विचारलं, "पण ताई, वाघ कधी येणार?"

मी वाघ घेतलाच नव्हता. मुंबईत वाघ कुठून आणायचा, म्हणून सरळ वगळला होता. घरी येऊन पानं पुन्हा वाचली. म्हातारीला मोबाइल दिला, पण तिची गोष्ट काढून घेतली. अशी म्हातारी कुणाचीही शेजारीण असू शकते. मूळ गोष्टीत ती वाघाला शब्द देते: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा. तो शब्द तिच्या मागे लागलेला आहे, म्हणून ती 'ती' म्हातारी. शहरात आली तरी तो शब्द बरोबर यायला हवा.

सगळी पानं बाजूला ठेवली. नव्याने लिहिणार.

२८ जून, शनिवार

आज वाचन नाही, फक्त भांडण. फळ्यावर मुंबईचा नकाशा काढला आणि विचारलं: लेक कुठे राहते?

सूचना आल्या त्या बहुतेक मुलांच्या आत्या-मावश्यांचे पत्ते होते. विरार, बदलापूर, टिटवाळा, कळवा. गिरणगावातून माणसं कुठे कुठे गेली, त्याचा नकाशाच फळ्यावर झाला. ठाणं जवळजवळ ठरलं होतं, तर चष्मेवाला म्हणाला, "करी रोडवरून ठाण्याची स्लो पकडायची. जंगल येतच नाही."

बरोबर होतं. लोकलने जाणाऱ्या म्हातारीला वाघ भेटत नाही. रस्ता जंगलातून गेलाच पाहिजे, आणि तो खोटा वाटता कामा नये, कारण या मुलांना रेल्वेचा नकाशा तोंडपाठ आहे.

मग सातवीतली मुलगी म्हणाली, "आरे." तिचे काका तिथे गोठ्यात कामाला होते. आणि एकदम सगळं जागेवर बसलं. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर न्यावेत म्हणून १९४९ मध्ये आरे दूध वसाहत वसवली गेली. पलीकडे राष्ट्रीय उद्यान, शंभरावर चौरस किलोमीटरचं. तिथे बिबटे आहेत आणि ते आरेतही फिरतात. लेक गोठ्यांच्या वस्तीत राहते, जावई म्हशी बघतो. तूपरोटीतलं तूप कुठून येतं, हे मला आजवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ते आता गोष्टीतच सापडलं.

शेवटी चष्मेवाल्यानेच पुन्हा घोटाळा केला. "मग मेट्रोने जाईल ना. वरळीवरून थेट आरे. जमिनीखालून." मेट्रो ३ मे महिन्यापासून आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आहे, ते खरंच. जमिनीखालच्या म्हातारीला वाघ कसा भेटणार? धाकटीला रडू यायच्या बेतात होतं. तेव्हा सातवीतलीने सांगितलं की आरेचं स्टेशन तेवढं जमिनीवर आहे, आणि तिथून काकांच्या खोलीपर्यंत बराच वेळ चालावं लागतं, दिवे कमी. ठरलं. मेट्रो आहे आणि वाघही आहे. स्टेशनपासून लेकीच्या दारापर्यंतचा रस्ता, तेवढंच आमचं जंगल.

"वाघ नाही, बिबट्या," असं कुणीतरी म्हणालं. तिकडचे लोक त्यालाही वाघच म्हणतात, बिबट्या वाघ. तेव्हा आमचा वाघ ठिपक्यांचा असेल. चित्र काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

५ जुलै, शनिवार

बाजारातून सहा किलोचा लाल भोपळा आणला. म्हातारी त्यात बसते कशी, हे मुलांना दाखवायचं होतं. देठाकडून झाकण कापलं. आत हात घातला तर बोटं लगेच ओल्या धाग्यांत अडकली. भोपळ्याच्या पोटात तंतूंचं जाळं असतं आणि त्या जाळ्यात बिया ओळीने लटकलेल्या असतात, बुळबुळीत. वास काकडीसारखा, जरा गोडसर. जाळं काढून टाकलं तरी आतली पोकळी माझ्या दोन मुठींएवढीच. बाकी सगळा गर.

धाकटीने आत तोंड घालून "चल रे भोपळ्या" म्हटलं. आवाज दबका आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मूळ गोष्टीत वाघाला म्हातारीचा आवाज ओळखू येत नाही, त्याचं कारण सगळ्यांना तिथल्या तिथे पटलं.

मग गॅलरीत तो घरंगळवला. सरळ जाईना. भोपळा चपटा असतो, त्याला खाचा असतात. कडेवर उभा करून ढकलला की थोडं अंतर जातो, कलतो आणि वळसा घेत भिंतीकडे येतो. पाच वेळा ढकलला, पाचही वेळा डावीकडे वळला. मुलांनी खडूने त्याची वाट आखली. प्रत्येक रेघ कोयतीसारखी वाकडी. चष्मेवाल्याने वहीत लिहिलं: "भोपळा सरळ घरी जात नाही, म्हणून वाघापाशी जातो." हे वाक्य मी जसंच्या तसं तिसऱ्या प्रकरणात घेणार आहे.

जिन्यावर सोडला तेव्हा 'टुणूक' म्हणजे काय ते कळलं. पहिली पायरी टुणूक, दुसरी टुणूक, तिसरीवर भद्द. तडा गेला, देठापासून पोटापर्यंत. क्षणभर सगळे गप्प. मग धाकटी हळूच म्हणाली, "म्हातारी आता बाहेर दिसत असेल."

तुकडे तळमजल्यावरच्या आजींकडे नेले. त्यांनी किसून गूळ घातला आणि घारगे केले. बिया मी धुऊन ताटात वाळत घातल्यात.

९ जुलै, बुधवार

प्रूफांच्या कामातून सुटल्यावर दोन संध्याकाळी या गोष्टीची भावंडं शोधली. इराणात म्हातारी लेकीला भेटायला जाते आणि भोपळ्यात बसून घरंगळत परत येते, जवळजवळ आपल्यासारखीच. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या 'टुनटुनिर बोई'त ती कुबडी म्हातारी आहे आणि भोपळ्याच्या जागी दुधी आहे. शेवटी तिची कुत्री तिला वाचवतात. पंजाबात म्हातारीऐवजी कोकरू आजीकडे जातं आणि ढोलक्यात बसून परत येतं. फ्लोरा ॲनी स्टील यांनी १८९४ मध्ये छापलेल्या त्या गोष्टीत कोल्हा आवाज ओळखतो आणि कोकरू खातो.

म्हणजे वाहन बदलतं, जनावर बदलतं, शेवटसुद्धा बदलतो. 'खाऊन-पिऊन लठ्ठ होऊन येते, मग मला खा' हे मात्र कुठेच बदलत नाही. माझं २१ जूनचं प्रकरण तिथेच चुकलं होतं. बाकी सगळं हलवायची मुभा मला होती आणि मी नेमका तो खांब काढला.

१२ जुलै, शनिवार

नवीन पहिलं आणि दुसरं प्रकरण वाचलं. कुणी चेन उघडली नाही.

रात्री एका वडिलांचा फोन. आवाजात काळजी होती. "ताई, वाघ खाणार वगैरे जरा कमी करता येईल का? मुलगी दिवा बंद करू देत नाही." मी त्यांना उद्धट उत्तर दिलं नाही, कारण त्यांचं म्हणणं जुनंच आहे आणि त्याला मान द्यावा असं आहे. परीकथा सांगणाऱ्यांनीही वेळोवेळी हात आखडता घेतला आहे. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या पुस्तकात लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच थांबते. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये शिकारी आणला, लांडग्याचं पोट फाडून आजी आणि नात दोघींना जिवंत बाहेर काढलं. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई त्यांच्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं.

पण लांडग्याची भूक त्यांनी काढली नाही. तीच काढली तर शिकाऱ्याला काय काम? मी त्या बाबांना म्हटलं, तुम्ही पुढच्या शनिवारी येऊन बसा. वाघ कमी होणार नाही, पण तुमची मुलगी त्याच्याशी बोलायला शिकेल. ते "बघतो" म्हणाले.

२० जुलै, रविवार

आरेत जाऊन आले. बरोबर सातवीतली आणि तिची आई. काल ते बाबाही येऊन बसले होते, मागच्या बाकावर, शेवटपर्यंत.

आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. एका पाड्याच्या वाटेवर झाडाखाली वाघोबा पाहिला: शेंदूर लावलेला दगड, पुढे नारळाची करवंटी, दोन विझलेल्या उदबत्त्या. पावसाने शेंदूर ओघळून दगडाच्या पायाशी लाल झाला होता. तिथल्या एका मावशींना विचारलं, भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "तो त्याच्या वाटेने जातो, आपण आपल्या. रात्री आवाज करत जायचं."

वन खातंही हेच सांगतं. अंधारात एकट्याने जाऊ नका, लहान मुलांना एकटं सोडू नका, बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चाला, म्हणजे बिबट्याला तुमची चाहूल आधीच लागते आणि तो बाजूला होतो. परतीच्या बसमध्ये मला हे सुचलं आणि मी सीटवरच ताठ बसले: म्हातारी गाणं म्हणत जाते! "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक." लहानपणापासून मी ते गाणं फसवणुकीचं समजत होते. ते जंगलात चालायचं गाणंही आहे. ज्या कुणी पहिल्यांदा रचलं, तिला अशी वाट माहीत असणार.

मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये इथली दोन हजारांवर झाडं तोडली. येताना ती बाजू दिसली. वाघाच्या प्रकरणात ते येईल, वाघाच्या तोंडून, एकाच ओळीत. त्याहून जास्त लिहिलं तर ते माझं भाषण होईल.

२६ जुलै, शनिवार

मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवलेलं प्रकरण: चिऊ-काऊ.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. "चिऊताई चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." "थांब, बाळाला काजळ लावते." लहानपणी मला चिऊचा राग यायचा. मुलांनाही येतो. मग ती मुंबईत राहायला आली तर तिला तसंच दुष्ट ठेवायचं का?

आजपासून वीस वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३. हे दोन आकडे मी फळ्यावर लिहिले आणि गप्प बसले. मुलं बघत राहिली. चष्मेवाला उठला आणि त्याने ९४४ च्या पुढे कावळा काढला, ७३ च्या पुढे चिमणी.

पुढचं मुलांनीच सांगितलं. काऊचं घर मिठी नदीच्या काठी, चिऊचं कुलाब्याला. तो भिजून, पंख ओढत दक्षिणेकडे येतो आणि दार वाजवतो. चिऊ फटीतून बघते तर तिच्या अंगणात नेहमीचा पाऊस. तिला खरंच वाटत नाही. म्हणून "थांब". ती दुष्ट नाही, तिला कळलेलंच नाही. धाकटीने विचारलं, "मग कळतं कधी?" काऊच्या पंखांतलं पाणी तिच्या उंबऱ्यावर गळतं, गळतच राहतं, आणि वाटीने उपसलं तरी संपत नाही, तेव्हा.

मुलांना न्यायला आलेले तीन पालक दारातच उभे राहून ऐकत होते. मग त्यांचं सुरू झालं. कुणी अंधेरीहून रुळांवरून चालत आलं होतं, कुणाला अनोळखी घरात रात्रभर ठेवून घेतलं, चहा दिला, कोरडा शर्ट दिला. तो शर्ट परत करायचा राहून गेला, असं एक बाबा म्हणाले. हेच ते, दिवा बंद करू न देणाऱ्या मुलीचे. आठ वाजले तरी कुणी हलेना. खोलीची किल्ली उशिरा दिली म्हणून सचिवकाकांची माफी मागितली.

२ ऑगस्ट, शनिवार

श्रावण लागला म्हणून आटपाट नगरची नावडती राणी घेतली. जमली नाही. तिला गोरेगावच्या एका फ्लॅटमध्ये ठेवलं, पण तिची सगळी कहाणी वशाला बांधलेली आहे, उतू नये मातू नये, घेतला वसा टाकू नये, आणि मुलांनी वसा घेतलेला कुणी पाहिलेलाच नाही. ओढूनताणून केलं नाही. राणी या अंकात नाही. उंदराची टोपी दोघांनी परस्पर एका पानात लिहून आणली, छान आहे, घेतली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा, तिघंच आली. तरी आजचा दिवस मोठा ठरला.

इंग्रजी शाळेतल्या एका मुलीला पहिल्यापासून सिंड्रेला हवी होती. मी टाळत होते. आज तिने सरळ विचारलं, "ताई, सिंड्रेलाचा भोपळा आणि म्हातारीचा भोपळा एकच का नसेल?"

पेरोच्या गोष्टीत परी भोपळ्याची बग्गी करते. ग्रिमच्या गोष्टीत बग्गीही नाही, भोपळाही नाही. तिथे आईच्या थडग्यावरचं झाड आणि पाखरं मदत करतात. म्हणजे भोपळा पेरोचा, १६९७चा. मुलीने पुढचं रचून आणलं होतं: आरेला लागूनच फिल्मसिटी आहे, तिथे राजवाड्याचा सेट आहे, सिंड्रेला तिथे नाचायला जाते. बाराचे ठोके पडतात तेव्हा तिची बग्गी आरेच्या रस्त्यावर पोचलेली असते. तिथेच तिचा भोपळा होतो. ती शेवटची लोकल पकडायला गोरेगावकडे धावते, एक चप्पल मागे टाकून. सकाळी म्हातारीची लेक दूध घालायला निघते, तिला रस्त्यात एवढा मोठा भोपळा दिसतो. घरी नेते.

मी वहीत लिहिलं: सिंड्रेलाला बारा वाजल्यानंतर भोपळा नकोसा होतो, म्हातारीला तो बारा वाजल्यानंतरच उपयोगी पडतो.

म्हातारी मावेल एवढा भोपळा आणायचा कुठून, हा ५ जुलैपासूनचा प्रश्नही सुटला. जो बग्गी होता तो मोठाच असणार.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी आणि धो धो पाऊस. वर्ग नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळांना पावसाची सुट्टी. मुलं न सांगता मंडळाच्या खोलीपुढे येऊन बसली, किल्ली मागायला. अडकलेल्या मोनोरेलची बातमी, मिठीकाठच्या लोकांना हलवल्याची बातमी, सगळं मोबाइलवर बघून आली होती. चष्मेवाल्याने काऊच्या प्रकरणात एक ओळ वाढवली: "त्या दिवशी चिऊने पहिल्याच हाकेला दार उघडलं." आम्ही चर्चा केली नाही. ओळ राहिली.

१३ सप्टेंबर, शनिवार

गणपतीनंतरचा पहिला शनिवार. खोलीत अजून गुलालाचा वास.

वाघाचं प्रकरण. मुलांनी त्याच्या बाजूने लिहायचं होतं. बहुतेकांनी त्याला भुकेला किंवा रागावलेला केला. दिवा बंद करू न देणाऱ्या मुलीचं पान वेगळं आहे: "मी वाघ आहे. मला म्हातारीने सांगितलं थांब. मी थांबलोय. इथे झाडं होती, आता लांबून लोक मला बघतात. तरी मी थांबलोय, कारण ती येते म्हणाली." मी ते वाचताना मध्ये थांबले. तिचे बाबा मागच्या बाकावर होते.

आता शेवट. म्हातारी भोपळ्यातून येते, भोपळा वळसा घेत वाघापाशी जातो, उंचवट्यावरून तीन टप्पे, तडा जातो, म्हातारी बाहेर. पुढे काय? तिने शब्द पाळायचा तर ती मेली. मोडायचा तर वाघाने इतकी वर्षं वाट पाहिली ती कशाला? अर्धा तास कुणाला काही सुचेना. मलाही नाही.

धाकटी म्हणाली, "पण ती लठ्ठ झालीच नसेल."

का?

"लेक तूप देते ना, ते ती खात नाही. डब्यात घालून घरी आणते. माझी आजी तसंच करते."

२० सप्टेंबर, शनिवार

धाकटीच्या शेवटाला वजन कुठे करायचं, हा प्रश्न होता. तळमजल्यावरच्या आजींनी सोडवला. ऐकत बसल्या होत्या, उठल्या आणि पत्र्याच्या डब्यातून जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट घेऊन आल्या. स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनचं. नाणं टाकलं की दिवे फिरायचे आणि हे तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्याची एक ओळ. मुलांनी असं मशीन पाहिलेलंच नाही. तिकिटाच्या कडा मऊ झाल्यात, शाई पुसट, पण ४८ किलो नीट वाचता येतं. "गिरण्यांचा संप चालू होता," आजी म्हणाल्या, "माहेरी महिना राहून आले. सगळे म्हणाले, सुधारलीस. मशीनने खरं सांगितलं."

तर आमच्या वाघाकडे वजनाचं मशीन आहे. कुठल्यातरी फलाटावरून काढून टाकलेलं, त्याने ओढत आणून वाटेवर ठेवलेलं. म्हातारी डबा खाली ठेवून उभी राहते. दिवे फिरतात. तिकीट पडतं. जाताना ४८, येताना ४८. वाघ तिकीट उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "पुढच्या वर्षी."

४ ऑक्टोबर, शनिवार

सुलेखन सुरू. सातवीतलीचं अक्षर उत्तम, ती मुख्य लेखनिक. ड्रॉइंग पेपर, काळी शाई, समास दोन बोटं.

अंकाच्या सुरुवातीला काय असावं यावर मी बरेच दिवस अडले होते. १८६८ मध्ये मेरी फ्रियर या मुलीने दख्खनच्या गोष्टींचं पुस्तक इंग्रजीत छापलं. वडील १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर. गव्हर्नरचा बंगला तेव्हा परळला होता, आज तिथे हाफकिन संस्था आहे, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्या आयाने, ॲना लिबराता डिसूझा हिने. त्या पुस्तकात गोष्टींच्या आधी ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची हकिगतही आहे. एवढ्या जुन्या पुस्तकात सांगणाऱ्या बाईचं नाव आणि आयुष्य छापलेलं आहे, याचं मला फार मोल वाटतं.

तेव्हा आमच्या अंकाचं पहिलं पान आजींचं. भोपळ्याची गोष्ट त्यांना कुणी सांगितली, कुठे, काय करताना. मुलांनी विचारलं, चष्मेवाल्याने उतरवून घेतलं. आजींच्या आईने भात कांडताना सांगितली, मुसळाच्या ठेक्यावर. टुणूकचा ठेका मुसळाचा, हे मुलांना बाकावर थाप मारून करून बघायचं होतं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तेव्हा थांबलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेट्रो आजपासून कफ परेडपर्यंत सुरू. तिसऱ्या प्रकरणात म्हातारी आचार्य अत्रे चौकात चढते, तिथे "तेव्हा तिथूनच सुटायची" एवढे शब्द वाढवावे लागतील. सातवीतलीने खाडाखोड न करता ते समासात लिहिलं, बाण काढून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. पाड्यांवर आज वाघबारस, वाघोबाच्या पूजेचा दिवस.

अंक बांधून झाला, चौसष्ट पानं. आजींचं तिकीट मूळ लावायचं नाही, चष्मेवाल्याने त्याचं हुबेहूब चित्र काढलंय, ४८ सकट. वाघाच्या पानावरचे ठिपके नऊ मुलांच्या अंगठ्यांचे आहेत. पहिला वाचक म्हणून अंक आधी कुठल्या खोलीत जाणार, यावर मतदान झालं आणि तळमजला जिंकला.

मुखपृष्ठ तेवढं राहिलं आहे. जुलैत वाळवलेल्या बिया सापडल्या, त्यातल्या अकरा अजून पांढऱ्या आहेत. उद्या सकाळी खळ करून भोपळ्याच्या चित्रावर चिकटवायच्या. धाकटीने एक मागून घेतली आहे, कुंडीत लावणार म्हणते, दहा उरतील.